माजघराची भिंत काढावी का? (लाकडी सांगाड्याचं गावचं घर, भोर तालुका)

वळचण

नमस्कार मंडळी. धागा लांबणार आहे, कारण घराचं वर्णन केल्याशिवाय प्रश्न कळायचा नाही.

आम्ही राहतो कोथरूडला, गावचं घर भोर तालुक्यात, नीरेच्या खोऱ्यात. सासऱ्यांच्या आजोबांनी बांधलं असं म्हणतात. घरातली काही मंडळी ते थेट पेशवाईत नेऊन ठेवतात, तो वाद तूर्त बाजूला. वाडा म्हणावा एवढं मोठं नाही, मध्ये चौक नाही. शेतकऱ्याचं घर. कमरेएवढं दगडी जोतं, पुढे ओटी, मग माजघर, मागे स्वयंपाकघर आणि पडवी, उजव्या अंगाला त्याच छपराखाली गोठा. वर माळा. त्यावर पूर्वी भात आणि पेंढा असायचा, आता मोडक्या खुर्च्या आणि लग्नातली भांडी. छप्पर दोन पाख्यांचं, मंगलोरी कौलांचं.

बाहेरच्या भिंती दगड-मातीच्या, दोन फूट जाड. आतल्या भिंती विटा-मातीच्या, वर चुन्याचा गिलावा. आणि या सगळ्याच्या पोटात सागाचे खांब, आठ इंची चौरस, प्रत्येकाखाली घडीव दगडाचं उथळं. खांबावर हस्त (माथ्यावरचा आडवा लाकडी आधार), हस्तावर तुळई, तुळईवर कड्या, कड्यांवर फळ्या. मधल्या रांगेतले खांब माळा भेदून पार आढ्यापर्यंत गेलेत.

आता प्रश्न. गणपतीत आणि जत्रेला सगळं खटलं जमतं, पंगतीला जागा पुरत नाही. म्हणून दीर म्हणतात, ओटी आणि माजघराच्या मधली भिंत काढून एक मोठा हॉल करू. कंत्राटदार बघून गेला. तो म्हणाला, "वहिनी, भार सगळा खांबांवर आहे. भिंती नुसत्या आडोशाला. काढल्या तरी एक कौल हलायचं नाही."

खांब डोळ्यांनी दिसतात, त्यामुळे पटतंही. पण मन घेत नाही. जाणकारांनी सांगावं.

कसबेकर

फोटो टाका की ताई! उथळ्यांचे आणि हस्तांचे जवळून काढलेले हवेत. भिंतीचं मला काही कळत नाही, पण धागा वाचत राहणार.

रोखठोक नानू

वळचणताई, कडू बोलतो. आमच्या मुळशीच्या घरावर असाच जीव होता सगळ्यांचा. दर उन्हाळ्यात कौलं चाळा, दर पावसाळ्यात गळतं कुठे ते शोधा, मध्येच वाळवी. शेवटी भावांनी मिळून उतरवलं. सागाचं लाकूड टिंबर मार्केटवाल्याला घनफुटावर दिलं आणि त्या पैशात स्लॅबच्या घराचं जोतं वर आलं. जुन्या सागाला आता हॉटेलवाले रांग लावून उभे आहेत. भिंत काढायची की नाही यावर डोकं शिणवण्यापेक्षा सगळंच उतरवा.

ओळंबा

(पेशाने स्थापत्य अभियंता. दुरुस्तीची कामं करतो, त्यात जुने वाडे बरेच.)

तुमचा कंत्राटदार अर्धं बरोबर सांगतोय आणि धोका उरलेल्या अर्ध्यात आहे.

घरावर दोन तऱ्हेचा भार येतो. एक उभा: कौलं, वासे, माळ्यावरचं सामान. तो कडी, तुळई, हस्त, खांब या वाटेने उथळ्यावर उतरतो. भिंत काढली तरी ती वाट शाबूत राहते, म्हणून त्या दिवशी खरंच एक कौल हलणार नाही. दुसरा रेटा आडवा: वारा, भूकंप, वाशांचा बाहेरच्या बाजूला येणारा दाब. हा कोण झेलतं?

युरोपातल्या लाकडी सांगाड्याच्या शेतघरांचे फोटो आठवा. पांढऱ्या भिंतीवर काळी तिरकी लाकडं दिसतात, ती नक्षी नव्हे. तिरक्या लाकडाने त्रिकोण होतो आणि त्रिकोणाचा आकार बदलत नाही, म्हणून सांगाडा स्वतःच्या जिवावर ताठ राहतो. काश्मीरच्या धज्जी-देवारी घरांतही लाकडाचे लहान लहान कप्पे असतात, बऱ्याच ठिकाणी तिरके, आणि मध्ये दगड-मातीचा भराव. २००५च्या भूकंपात त्यांतली बरीच घरं तगली.

आपल्याकडच्या सांगाड्यात तिरकं लाकूड जवळपास नसतंच. सगळं उभं नाहीतर आडवं. हस्त थोडा कोन धरून ठेवतो, पण थोडाच. ताठपणाचं खरं काम खांबांच्या मधल्या खणात भरलेली भिंत करते. कपाटाची मागची फळी काढून बाजूने ढकलून बघा. चारही पाय शाबूत असतात, पण कपाट समांतरभुज चौकोन होऊन कलायला लागतं. तुमच्या माजघराची भिंत म्हणजे ती फळी. तीही मधल्या रांगेतली, म्हणजे आढं पेलणाऱ्या सर्वांत उंच खांबांना धरून ठेवणारी.

आधी एक करा. प्रत्येक खांबाच्या माथ्याशी दोरी धरून ओळंबा सोडा आणि खाली किती फरक पडतो ते लिहून ठेवा, दोन्ही दिशांनी. मग बोलू.

सुताराचा नातू

ओळंबा यांना दुजोरा. आमचे आजोबा जुन्नर भागात घरं उभी करायचे. सांगाडा आधी जमिनीवर आडवा जुळवायचा, प्रत्येक जोडावर पटाशीने खूण मारायची, मग सुटा करून जागेवर उभा करायचा. खांबाच्या डोक्याला कुसू काढलेलं असतं, ते हस्तातून वर तुळईच्या भोकात बसतं. खिळा नाही. लागलीच तर लाकडी मेख, तीही बाभळीची, आणि तीही ओली नाही, चांगली वाळलेली. या जोडात मुद्दाम किंचित जीव ठेवलेला असतो, कारण लाकूड पावसाळ्यात फुगतं आणि उन्हाळ्यात आक्रसतं. म्हणजे जोड थोडा हलणार हे सुताराने गृहीत धरलेलं आहे. हलू न देण्याचं काम गवंड्याचं.

वळचणताई, खांबांवर छातीच्या उंचीला खुणा दिसतात का बघा. एक रेघ, दोन रेघा, फुली असं काहीतरी.

कारवी

अवांतर होईल, पण पुणे जिल्ह्यात पश्चिमेकडून पूर्वेकडे गेलं की घर कसं बदलतं ते बघण्यासारखं आहे. आमच्याकडे मावळात, घाटाच्या तोंडाशी, आतल्या भिंती विटांच्या नसतातच. कारवीच्या काठ्यांचा कूड, दोन्ही बाजूंनी शेणमातीचा लेप. छप्पर तीव्र उताराचं, वळचण इतकी खाली की वाकून आत शिरायचं. तिकडे शिरूर-इंदापूरकडे पाऊस कमी, तर छप्परच सपाट, मातीचं माळवद. तुमचं भोर मधलं, म्हणून उतार आहे पण भिंती दगडाच्या.

ओळंबा, कुडाची भिंत पण 'मागची फळी' होते का हो? की ती इतकी हलकी असते की काही उपयोग नाही?

ओळंबा

होते, कमी प्रमाणात. पण कुडाच्या घराला लागणारा ताठपणाही कमी, कारण वजनच कमी. भूकंपाचा रेटा घराच्या वजनाच्या प्रमाणात येतो. मंगलोरी कौलांचं छप्पर रिपांसकट (कौलांखालच्या लाकडी पट्ट्या) चौरस फुटाला साधारण सहा किलो भरतं. फूटभर जाडीच्या माळवदाची नुसती माती चौरस फुटाला पंचेचाळीस-पन्नास किलो. म्हणजे दहा बाय दहाच्या खोलीवर साडेचार-पाच टन. आणि दर एक-दोन वर्षांनी गळती थांबवायला वरून आणखी माती टाकायची पद्धत, जुनी कोणी काढत नाही.

३० सप्टेंबर १९९३ला किल्लारीत काय झालं ते यातच आहे. माळवदाचं ओझं लाकडी खांबांवर होतं आणि बऱ्याच घरांत ते खांब धक्क्यानंतरही उभे राहिले. माणसं मेली ती मुख्यतः भिंतींखाली. दोन-अडीच फूट जाड दगडी भिंत, पण आत-बाहेर दोन सुटे पदर, मध्ये गोटे आणि माती, दोन पदरांना शिवणारे आरपार दगड नाहीत. हादऱ्यात पदर सुटले आणि दगड आत झोपलेल्या माणसांवर आले.

त्यामुळे वळचणताई, तुमच्या आतल्या भिंतीइतकीच मला बाहेरच्या दोन फुटी भिंतीची काळजी आहे. कोपऱ्यात आणि मध्ये मध्ये आरपार दगड आहेत का? भिंतीचं पोट बाहेर आलंय का? अशा बांधकामासाठी आयएस १३८२८ हे मानक आहे, नेमकं १९९३चंच. तुमच्या अभियंत्याला ते उघडायला सांगा.

रोखठोक नानू

म्हणजे माझंच खरं की! लाकूड वाचवा नाहीतर भिंती वाचवा, शेवटी जीव मुठीत. आणि एक सांगा, १२ जुलै १९६१ला पानशेत फुटलं तेव्हा नदीकाठच्या पेठांतल्या वाड्यांच्या मातीच्या भिंती विरघळल्या, पण वरचे मजले कित्येक ठिकाणी नुसत्या खांबांवर उभे होते. मग कुठे गेली तुमची मागची फळी?

शुक्रवारातले काका

नानू, ते दृश्य मी पाहिलेलं आहे, म्हणून लिहितो. तेव्हा आम्ही नारायण पेठेत राहत होतो. पाणी ओसरल्यावर तळमजल्याच्या भिंतींचा चिखल होऊन बसलेला आणि वर माडी जशीच्या तशी, खुंटीवरच्या टोप्यांसकट. पण लोकांनी पहिलं काम काय केलं? मिळेल त्या लाकडाचे तिरके धिरे लावले. जिथे लागले नाहीत तिथल्या माड्या पुढच्या पावसात कलंडल्या. वारा सुटला की आमची माडी करकरायची, आणि वडील आम्हाला वर जाऊ देत नसत.

जाता जाता: लाकडी काम जवळून बघायचं असेल तर बाजीराव रस्त्यावरच्या विश्रामबागवाड्याला जा. दुसऱ्या बाजीरावाच्या काळचा, १८०७चा. सुरूच्या आकाराचे खांब आणि वर केळफुलं. शनिवारवाड्यात १८२८च्या आगीनंतर लाकूड फारसं उरलं नाही, उरली ती दगडी जोती. दिल्ली दरवाज्यावरचा नगारखाना मात्र अजून लाकडी आहे, तो चुकवू नका. लाकडी सांगाड्याचा खरा शत्रू आग, हे या धाग्यात अजून कोणी बोललं नाही. वळचणताई, माळ्यावरची वायरिंग कापडी वेष्टणाची असेल तर भिंतीच्या आधी ती बदला.

वळचण

सगळ्यांचे आभार. शनिवार-रविवार गावाला जाऊन आलो. ओळंबा सोडला, वही भरली. दिरांनीच दोरी धरली, त्यामुळे आकड्यांवर त्यांचा आक्षेप नाही.

बहुतेक खांब सरळ आहेत, फरक सुताच्या (इंचाच्या आठव्या भागाच्या) आत-बाहेर. पण गोठ्याच्या बाजूचे शेवटचे तीन खांब पडवीकडे कललेत, सगळ्यात जास्त कललेला सव्वा इंच. आणि गंमत अशी की चुलतसासऱ्यांनी पिठाची गिरणी बसवायला ज्या दोन खणांमधली भिंत काढली होती, तेच हे खांब. गिरणी केव्हाच बंद पडली, भिंत परत बांधली नाही, पत्र्याचा आडोसा आहे. त्या खांबांच्या माथ्याशी हस्त आणि तुळई यांच्यात फट पडली आहे, करंगळीचं टोक जाईल एवढी. आत बघितलं तर कुसवाचा जुना, न काळवंडलेला, मधाच्या रंगाचा भाग उघडा पडलाय. एरवी सगळं लाकूड चुलीच्या धुराने काळंकुळकुळीत.

सुताराचा नातू, खुणा सापडल्या! ओटीकडून मोजत गेलं तर एक रेघ, दोन, तीन, मग फुली, फुलीवर एक. एका खांबावर क्रम चुकलाय, पाचाच्या जागी सात. दीर म्हणाले, सुतार जेवून आला असणार.

वायरिंग कापडीच आहे. इलेक्ट्रिशियनला फोन केला.

रोखठोक नानू

गिरणी होती म्हणजे रोज हादरे. खांब कलले ते त्याने, भिंत नसल्याने नव्हे.

ओळंबा

हादरे हे निमित्त असेलही. पण गिरणीपासून पलीकडचा, भिंतीत अडकलेला खांब सरळ आहे ना? हादरा त्यालाही बसला असणार. कोणाला धरायला काही होतं आणि कोणाला नव्हतं, फरक एवढाच.

वळचणताई, हॉलचा मार्ग पूर्ण बंद नाही. माजघराच्या भिंतीत किती खण आहेत? पाच असतील तर मधला एक खण मोकळा करता येईल, दोन्ही टोकांचे खण भरलेलेच ठेवायचे. मोकळ्या खणात खांब आणि तुळईच्या कोपऱ्यांत तिरके सागवानी आधार, दोन-अडीच फुटांचे. पंगत एका ओळीत वाढता येईल, पलीकडचा माणूस दिसेल, आणि सांगाडा जागेवर राहील. त्याआधी गिरणीचे दोन खण भरून घ्या. तिथे आता पुन्हा विटा-मातीच, सिमेंट ब्लॉक नको.

नवी पालवी

सिमेंट का नको? मजबूतच होईल ना?

ओळंबा

मातीची भिंत ओल शोषते आणि बाहेर सोडते. जोत्यातून वर चढणारी ओल चुन्याच्या गिलाव्यातून उडून जाते. वरून सिमेंटचा गिलावा मारला की ओल आत कोंडते आणि शेजारच्या कोरड्या लाकडाकडे वळते. भिंतीतला खांब दिसत नाही, त्यामुळे तो कुजल्याचं कळतं तेव्हा उशीर झालेला असतो. लाकडातली ओल वीस टक्क्यांच्या खाली राहिली तर बुरशी वाढत नाही, साधं गणित आहे. दुरुस्तीला आलेल्या घरांत कुजलेले खांब मला बहुतेक वेळा नव्याकोऱ्या सिमेंट गिलाव्यामागेच सापडलेत.

सुताराचा नातू

खांबाची परीक्षा अशी करा. पायाशी, उथळ्याच्या वर वीतभर, पेचकस टोचा. निब्बर लागला तर ठीक. भसकन आत गेला तर तेवढा भाग गेला. मग लाकडी हातोडीने वरपर्यंत वाजवत जा. टणटणीत आवाज जिथून सुरू होतो तिथून लाकूड चांगलं.

पाय कुजला म्हणून अख्खा खांब बदलू देऊ नका, सुतार तेच सुचवेल कारण त्याला सोपं. शेजारी धिरे लावून तुळईखाली जॅक द्यायचा, भार सुटेल इतकाच, अगदी केसभर. कुजका भाग तिरपा कापून खाली नव्या लाकडाचा तसाच तिरपा तुकडा जोडायचा. जोडाची लांबी खांबाच्या जाडीच्या निदान तिप्पट, म्हणजे तुमच्या आठ इंचीला दोन फूट. आरपार दोन मेखा, नाहीतर बोल्ट. लाकूड जुनंच घ्या, टिंबर मार्केटमध्ये उतरवलेल्या वाड्यांचा साग मिळतो. (नानूंच्या घराचाही मिळेल कदाचित.)

आणि कललेले खांब एका दिवसात सरळ करायला जाऊ नका. आजोबा दोर बांधून रोज एक पीळ द्यायचे, पंधरवडा लावायचे.

रोखठोक नानू

मिळाला तर सांगा, भाव करून देतो :)

कसबेकर

पेशवाईचा वाद कोणी सोडवत का नाही? मला तेच वाचायचंय.

शुक्रवारातले काका

मंगलोरी कौलांवरून काही ठरत नाही. त्या कौलांचा पहिला कारखाना बासेल मिशनने मंगलोरला १८६५त काढला, त्यामुळे हे छप्पर त्यानंतरचं एवढंच खरं. पण कौलं बदलता येतात. वाशांच्या पाठी बघा. मंगलोरी कौलांना रिपा फूट-सव्वा फूट अंतरावर लागतात. त्यांच्या मध्ये जुन्या खिळ्यांची दाट भोकं असतील तर आधी तिथे नळीची कौलं होती. खिळे सापडले तर चौकोनी घडीव आहेत की गोल तारेचे तेही पाहा. गोल तारेचे खिळे आपल्याकडे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातले. आणि तुळईच्या झाकल्या बाजूवर तासणीचे घाव आहेत की करवतीच्या सरळ रेघा?

ओळंबा

सागाला दरवर्षी वलय पडतं. पाषाणच्या हवामानशास्त्र संस्थेत सागाच्या वलयांवरून जुन्या पावसाचा अभ्यास झालेला आहे. त्याच तंत्राने तुळईचं वय काढता येतं, तत्त्वतः. अडचण अशी की सुताराने बाहेरचं पांढरं लाकूड तासून टाकलेलं असतं, म्हणजे शेवटची वलयं गेलेली. झाड अमुक सालाच्या आधी तोडलेलं नाही एवढंच कळेल. आणि लाकूड दुसऱ्या जुन्या घरातून आणलेलं असेल तर तेही गेलं. घरची मंडळी पेशवाई सोडतील असं वाटत नाही.

वळचण

वाशांवर दाट भोकं आहेत, खिळा एकच सापडला, चौकोनी. घरात सध्या विजयोत्सव चालू आहे, मी काही बोलले नाही.

ठरलं ते सांगते. माजघराच्या भिंतीत पाच खण आहेत. मधला एक मोकळा करायचा, ओळंबा यांनी सांगितल्याप्रमाणे तिरके आधार देऊन. दिरांना निदान दोन खण हवे होते. पण गिरणीपाशी नेऊन ती फट दाखवली, त्यांनी स्वतः करंगळी घालून बघितली, मग एकावर आले. कंत्राटदार बदलला. भाटघरकडचे एक म्हातारे गवंडी आहेत, ते गिरणीचे खण विटा-मातीने भरून देणार. बाहेरच्या भिंतीला उत्तरेकडे पोट आलंय, तिथे दगड काढून आरपार दगड घालून पुन्हा रचायचं ठरलं. ते काम मोठं आहे, पुढच्या उन्हाळ्यात.

चुना अडलाय. बाजारात पिशवीतली पूड मिळते, गवंडी म्हणतात ती नको, कळीचा चुना आणा आणि निदान महिनाभर विरवत ठेवा. पुण्यात कळीचा चुना कुठे मिळतो?

सुताराचा नातू

रंगाच्या दुकानात विचारू नका, ते पूडच देतील. वाड्यांची आणि देवळांची दुरुस्ती करणारे ठेकेदार ट्रकने मागवतात, त्यांच्यातून चार-पाच पोती घ्या. पाण्यात टाकल्यावर उसळला, वाफा आल्या तर ताजा. नुसता भिजून बसला तर परत करा. विरवताना पोरांना लांब ठेवा, डोळ्यांत उडाला तर वाईट. आणि हौद जमिनीत खणा, वर दोन बोटं पाणी कायम हवं.

ओळंबा

मधला खण उघडायच्या आधी तिरके आधार बसले पाहिजेत, नंतर नाही. गवंडी आणि सुतार यांच्या तारखा उलट लागल्या तर सुतार येईपर्यंत भिंतीला हात लावू देऊ नका.

वळचण

सुतार आधी, गवंडी नंतर. लिहून फ्रिजवर लावलंय. कळीच्या चुन्यासाठी एका ठेकेदाराशी बोलणं झालं, पाच पोती देतो म्हणाला. हौद परसात खणतोय.